एका स्प्लायसिंग जनुकाचं काम कसं समजून घ्यावं: एसएफ३बी१ घेऊन पहिला सराव

एमएस्सीच्या प्रकल्पवहीत जनुकाच्या नावापुढे ‘कार्य: आरएनए स्प्लायसिंग’ एवढी एकच ओळ लिहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. ओळ चुकीची नसते, पण तिच्यावरून पुढे काहीच करता येत नाही. ते प्रथिन नक्की काय धरतं, कधी सोडतं, ते नसेल तर काय होतं, त्यातलं एक अक्षर बदललं तर काय होतं, यातलं काहीच तिच्यात नसतं. शेवटचे दोन प्रश्न तर सर्रास एकच समजले जातात. काम बंद पडणं वेगळं आणि काम चुकणं वेगळं. हा फरक नीट कळावा म्हणून मी नवख्यांना पहिल्या सरावासाठी नेहमी एसएफ३बी१ हेच जनुक देते.

यासाठी इंटरनेट असलेला संगणक, एक वही आणि तीन-चार संध्याकाळी पुरतात. प्रयोगशाळा शेवटच्या टप्प्यावर लागते, आणि तीही जमत असेल तरच. खाली वापरलेली सगळी माहिती खुल्या, फुकट संकेतस्थळांवर मिळते.

सुरुवातीला स्प्लायसिंगची उजळणी

आपली बहुतेक जनुकं सलग लिहिलेली नसतात. प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात आणि त्यांच्यामधल्या लांबलचक भरावाला इंट्रॉन. जनुकाची आधी जशीच्या तशी आरएनए प्रत निघते, मग तिच्यातले इंट्रॉन कापून एक्सॉन जोडले जातात. या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग म्हणतात. १९७७ साली अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करताना फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना हे दिसलं. त्यासाठी दोघांना १९९३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

कापायचं कुठे, हे इंट्रॉनमधल्याच काही खुणांवरून ठरतं. बहुतेक इंट्रॉन जीयू या अक्षरांनी सुरू होतात आणि एजी या अक्षरांनी संपतात. शेवटच्या एजीच्या अलीकडे सी आणि यू अक्षरांची रांग असते. त्याच्याही अलीकडे, एजीपासून साधारण १८ ते ४० अक्षरांवर, एक खास ‘ए’ असतो, तो शाखाबिंदू. इंट्रॉनची सुरुवात सुटते ती या ‘ए’ला जाऊन जुळते आणि फास तयार होतो. मग दोन्ही एक्सॉन जोडले जातात आणि फास टाकून दिला जातो. या लेखातली सगळी गोष्ट त्या एका ‘ए’भोवती फिरते, म्हणून तो वहीत मोठा काढून ठेवा.

एक अक्षर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं, हे दाखवायला मी फळ्यावर एक वाक्य लिहिते: मदन बदक पकड. प्रथिन तयार होताना आरएनए असाच तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. कापणी दोन अक्षरं आधी झाली आणि इंट्रॉनमधली ‘तस’ ही अक्षरं मागे राहिली, तर वाचन होतं ‘मदन तसब दकप कड’. पहिला शब्द शाबूत, पुढचं सगळं निरर्थक. मागे तीन अक्षरं राहिली, समजा ‘तसर’, तर होतं ‘मदन तसर बदक पकड’. एक शब्द उपरा आला, बाकी वाक्य वाचलं. हे वाक्य विसरू नका, सहाव्या पायरीवर ते पुन्हा लागणार आहे.

पहिली पायरी: नाव पक्कं करा

एकाच जनुकाला जुन्या शोधनिबंधांत चार-चार नावं असतात. एसएफ३बी१ तुम्हाला एसएपी१५५ म्हणूनही भेटेल आणि एसएफ३बी१५५ म्हणूनही. त्यातला १५५ हा आकडा प्रथिनाच्या वजनाचा, किलोडाल्टनमध्ये. यीस्टमधल्या त्याच्या भावंडाचं नाव एचएसएच१५५. नावांवर विसंबण्यापेक्षा ओळखक्रमांक लिहून घ्या. एनसीबीआय या अमेरिकी संग्रहाच्या जनुकसूचीत क्रमांक २३४५१, युनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहात ओ७५५३३ (पहिलं इंग्रजी अक्षर ‘ओ’, ते शून्य नव्हे), आणि एन्सेम्बल या जीनोमच्या संग्रहात ईएनएसजी या अक्षरांपुढे ००००० आणि ११५५२४. शोधचौकटीत नाव टाकताना मोठी इंग्रजी अक्षरं वापरा. छोटी अक्षरं टाकली तर काही ठिकाणी उंदराचं जनुक समोर येतं आणि ते लक्षातही येत नाही.

दुसरी पायरी: नकाशावर जागा शोधा

हे जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर, क्यू३३.१ या पट्ट्यात आहे. एवढं कोणीही शोधून काढतं. नवखा अडकतो तो पुढच्या दोन गोष्टींत.

पहिली गोष्ट दिशेची. एसएफ३बी१ ऋण धाग्यावर आहे, म्हणजे जीनोमचा (सगळ्या डीएनएचा) नकाशा ज्या दिशेनं वाचतात त्याच्या उलट. त्यामुळे जनुकात ‘ए’च्या जागी ‘जी’ आला असेल, तर जीनोमच्या फाइलमध्ये तोच बदल ‘टी’च्या जागी ‘सी’ असा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, लिहिणारा कुठल्या धाग्यावरून बघतोय एवढाच प्रश्न.

दुसरी गोष्ट नकाशाच्या आवृत्तीची. याच जनुकातल्या सर्वांत गाजलेल्या बदलाची जागा जुन्या एचजी१९ नकाशात १९८२६६८३४ आहे आणि नव्या एचजी३८ मध्ये १९७४०२११०. माझा स्वतःचा एक अख्खा दिवस यात गेला आहे. रुग्णाच्या नमुन्यात बदल नक्की आहे असं अहवाल सांगत होता आणि मला माझ्या फाइलमध्ये तो काही केल्या दिसेना. अहवाल जुन्या नकाशाचा होता, माझी फाइल नव्या. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर नकाशाची आवृत्ती लिहिल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

इथेच एक छोटं गणित करा. त्या बदलाचं नाव आहे के७००ई. ७०० क्रमांकाचं अमिनो आम्ल लायसीन, त्याच्या जागी ग्लुटामिक आम्ल. तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, म्हणून ७०० क्रमांकाचं त्रिकूट २०९८ ते २१०० या अक्षरांचं. अहवालात २०९८व्या जागी ‘ए’चा ‘जी’ झाला असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्रिकुटाचं पहिलंच अक्षर बदललं. हे गणित हातानं एकदा केलं की पुढचा कुठलाही अहवाल परका वाटत नाही.

तिसरी पायरी: प्रथिनाचा आकार

युनिप्रॉटच्या पानावर लांबी दिसेल: १३०४ अमिनो आम्लं. आता त्याच पानावरून अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीनं वर्तवलेली त्रिमितीय आकृती उघडा. प्रथिनाचे दोन भाग सरळ वेगळे दिसतात. सुरुवातीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या शेपटीसारखा पसरलेला असतो आणि कमी खात्रीच्या पिवळ्या-नारिंगी रंगात असतो. उरलेला भाग निळा आणि नीट वळलेला. त्यात ‘हीट’ नावाचे एकसारखे वेढे एकापुढे एक असे वीस, आणि ते मिळून चिमट्यासारखं वाकलेलं जवळजवळ वलय तयार होतं.

नारिंगी भाग निरुपयोगी समजून सोडून देणं ही फार नेहमीची चूक. त्या शेपटीतच यू२एएफ या सोबत्याला धरायच्या जागा आहेत. तिच्यावरच फॉस्फेटचे गट चढतात आणि स्प्लायसिंगचं यंत्र पुढच्या टप्प्यात जाण्यासाठी ते लागतात. ते चढवणाऱ्या एन्झाइमांपैकी सीडीके११ हे महत्त्वाचं. एकट्यानं ठरावीक आकार न धरणारा भाग सोबत्याला भेटल्यावर आकार धरतो. संगणक एकट्या प्रथिनाची आकृती काढतो, म्हणून तिथे त्याची खात्री कमी पडते.

चौथी पायरी: ते कोणाबरोबर आणि कधी काम करतं

इथे घाई करू नका. ही पायरी समजली की बाकीचा लेख आपोआप उलगडतो.

एसएफ३बी१ कधीच एकटं नसतं. एसएफ३बी नावाच्या सात प्रथिनांच्या गटातलं ते सर्वांत मोठं. या गटात एसएफ३बी१ पासून एसएफ३बी६ पर्यंत सहा आणि सातवं पीएचएफ५ए. हा गट यू२ या कणाचा भाग. यू२ मध्ये प्रथिनांबरोबर एक छोटा आरएनएही असतो. स्प्लायसिंगचं पूर्ण यंत्र, म्हणजे स्प्लायसोसोम, यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ अशा पाच कणांचं आणि शंभराहून अधिक प्रथिनांचं असतं. पेशी ते प्रत्येक इंट्रॉनवर नव्यानं उभं करते आणि काम झालं की मोडते.

आता क्रम बघा. इंट्रॉनच्या सुरुवातीला यू१ बसतो. दुसऱ्या टोकाला यू२एएफ सी-यूच्या रांगेवर आणि शेवटच्या एजीवर बसतं. शाखाबिंदूवर आधी एसएफ१ नावाचं प्रथिन तात्पुरतं बसलेलं असतं. मग यू२ येतो, एसएफ१ जागा सोडतं आणि यू२मधला आरएनए शाखाबिंदूच्या आसपासच्या अक्षरांशी जोड्या जुळवतो. फक्त त्या खास ‘ए’ची जोडी जुळत नाही. तो दुपदरी भागातून बाहेर डोकावतो. हा बाहेर आलेला ‘ए’ एसएफ३बी१ आणि पीएचएफ५ए यांच्यामधल्या खोबणीत जाऊन बसतो. आधी उघडा असलेला चिमटा तो आत आल्यावर मिटतो.

म्हणजे एसएफ३बी१ स्वतः काहीही कापत नाही. रासायनिक क्रिया यंत्राच्या गाभ्यातला यू६चा आरएनए धातूच्या आयनांच्या मदतीनं घडवून आणतो. एसएफ३बी१ शाखाबिंदू ओळखतं, धरून ठेवतं आणि वेळेआधी त्याची क्रिया होऊ देत नाही. पुढे डीएचएक्स१६ हे प्रथिन ऊर्जा खर्च करून एसएफ३बी गटाला आरएनएवरून सोडवतं, ‘ए’ मोकळा होतो आणि त्यानंतरच पहिली कापणी होते. प्रत्येक सुगरणीला कढीपत्ता तेलात कधी टाकायचा हे जितकं ठाऊक असतं, तितकंच काटेकोर हे धरणं आणि सोडणं आहे. म्हणून ‘एसएफ३बी१ इंट्रॉन कापतं’ असं वाक्य वहीत असेल, तर ते आत्ताच खोडा.

ही सगळी चित्रं क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे गेल्या दशकभरात मिळाली. मानवी एसएफ३बी गटाच्या गाभ्याची स्फटिकरचना २०१६ साली आली. प्रथिनरचनांच्या पीडीबी संग्रहात ती ५आयएफई या क्रमांकानं मिळते. आकृती फिरवत पीएचएफ५ए कुठे टेकलंय ते स्वतः शोधा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते केल्यावर औषधांचा भाग समजायला वेळ लागत नाही.

पाचवी पायरी: ते नसेल तर?

तीन ठिकाणी बघायचं. पहिलं डेपमॅप: तिथे शेकडो कर्कपेशींच्या वाणांमध्ये एकेक जनुक निकामी करून पेशी जगतात का हे तपासलेलं आहे. एसएफ३बी१ निकामी केलं की जवळपास सगळे वाण मरतात. दुसरं नोमॅड: लाखो माणसांच्या जनुकांतले बदल तिथे गोळा केलेले आहेत. त्यात एसएफ३बी१ची प्रत पूर्ण मोडणारे बदल जवळजवळ सापडतच नाहीत. हे मोजणारा पीएलआय हा आकडा ० ते १ मध्ये असतो आणि या जनुकासाठी तो १ आहे. तिसरं उंदीर: जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेले गर्भ अगदी सुरुवातीलाच मरतात. एक प्रत असलेले उंदीर जगतात, त्यांच्या मणक्यांच्या आणि बरगड्यांच्या घडणीत बारीक फरक दिसतात.

उत्तर स्पष्ट आहे. हे जनुक नसेल तर पेशी नाही. हृदयात, मेंदूत, त्वचेत, सगळीकडे ते चालू असतं, त्यामुळे ‘ते कुठल्या अवयवाचं जनुक आहे’ हा प्रश्नच इथे लागू पडत नाही.

सहावी पायरी: एक अक्षर बदललं तर?

२०११ साली दोन संशोधकगटांनी मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या विकारात एसएफ३बी१ बदललेलं असल्याचं दाखवलं. या विकारात मज्जेत पेशी भरपूर असतात, पण त्या नीट पक्व होत नाहीत आणि रक्त कमी पडतं. त्याच्या एका प्रकारात मज्जेच्या काचपट्टीवर लोहाचं निळं रंजन केलं, की लाल पेशींच्या पूर्वजांत केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचं कडं दिसतं. हे लोह मायटोकॉन्ड्रियात अडकून पडलेलं असतं. अशा पेशींना रिंग सिडरोब्लास्ट म्हणतात. हा प्रकार असलेल्या साधारण ८० टक्के रुग्णांत एसएफ३बी१ बदललेलं असतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा बदल तोच, के७००ई. पुढे हेच जनुक क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्तकर्करोगातही बदललेलं सापडलं आणि डोळ्यातल्या युव्हिअल मेलॅनोमा या कर्करोगातही. डोळ्याच्या कर्करोगात मात्र ६२५ क्रमांकाची जागा जास्त दिसते.

हे बदल प्रथिनावर मांडून बघा. ६२२, ६२५, ६६२, ६६६, ७००. १३०४ जागांपैकी बहुतेक बदल एवढ्याशा पट्ट्यात. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच प्रतीत, दुसरी प्रत शाबूत. जनुक मोडूनच पेशीचा फायदा होत असता, तर बदल प्रथिनभर विखुरलेले दिसले असते, मध्येच थांबलेली अर्धवट प्रथिनं सापडली असती. तसं दिसत नाही. ठरावीक जागी ठरावीक बदल असेल, तर प्रथिन अजून काम करतंय, पण वेगळ्या रीतीनं. कुठल्याही जनुकाचा बदलनकाशा समोर आला की आधी हेच बघायचं: बदल पसरलेले आहेत की एका जागी गोळा झालेले?

वेगळ्या रीतीनं म्हणजे कसं? बदललेलं एसएफ३बी१ काही इंट्रॉनमध्ये नेहमीचा शाखाबिंदू सोडून अलीकडचा दुसराच ‘ए’ निवडतं. मग कापणीही नेहमीच्या एजीवर होत नाही. बहुधा १० ते ३० अक्षरं आधीच्या, एरवी कोणी न वापरलेल्या एजीवर ती होते. इंट्रॉनचा तेवढा तुकडा संदेशात, म्हणजे जोडून तयार झालेल्या आरएनएत, मागे राहतो. आता ‘मदन बदक पकड’ आठवा. राहिलेल्या अक्षरांना तीननं भाग गेला नाही तर वाचन घसरतं आणि लवकरच मधेच थांबण्याची खूण लागते. तीननं भाग गेला तरी राहिलेल्या तुकड्यातच थांबण्याची खूण असू शकते. मधेच थांबणारे असे संदेश पेशी ओळखते आणि नष्ट करते. चुकलेल्या संदेशांपैकी साधारण निम्मे या वाटेनं जातात असा अंदाज आहे.

एसएफ३बी१चं प्रमाण नुसतं कमी केलं तर अलीकडच्या एजीवरच्या या चुका दिसत नाहीत, हे प्रयोगांत तपासलेलं आहे. याउलट एसयूजीपी१ नावाचा सोबती कमी केला तर त्यातल्या बऱ्याच चुका तशाच उमटतात. के७००ईसारख्या बदलांमुळे एसएफ३बी१ची या सोबत्यावरची पकड सुटते, हे २०१९ साली दाखवलं गेलं. धन भाराच्या लायसीनच्या जागी ऋण भाराचं ग्लुटामिक आम्ल आलं, एक सोबती सुटला आणि शाखाबिंदूची निवड बिघडली. पाचव्या आणि सहाव्या पायरीची उत्तरं इतकी वेगळी का, ते इथे कळतं.

लोहाच्या कड्यापर्यंतची साखळीही बरीचशी जुळलेली आहे. एबीसीबी७ हे जनुक मायटोकॉन्ड्रियातून लोह-गंधक संयुगांशी निगडित माल बाहेर नेण्याच्या कामात असतं. त्याचा संदेश चुकीचा जोडला जाऊन नष्ट होतो. टीएमईएम१४सी हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) तयार करण्यासाठी लागणारा कच्चा माल मायटोकॉन्ड्रियात पोचवायला मदत करतं. त्याच्या संदेशातली चूक प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधीच्या भागात होते, त्यामुळे संदेश टिकतो पण त्यावरून प्रथिन कमी तयार होतं. लोह आत येत राहतं, वापरलं जात नाही आणि साचतं. एबीसीबी७ जन्मतःच सदोष असलेल्या मुलांमध्येही अशाच कड्यांचा रक्तक्षय दिसतो. वेगळ्या वाटेनं आलेला हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

उंदरात हाच के७००ई बदल घडवला तर रक्तक्षय होतो, पण लोहाची कडी तयार होत नाहीत. उंदराचे आणि माणसाचे एक्सॉन पुष्कळ सारखे असले तरी इंट्रॉन फार वेगळे आहेत, म्हणून चुका वेगळ्याच संदेशांत होतात. स्प्लायसिंगच्या जनुकांबाबत उंदरावरून माणसाचा निष्कर्ष काढताना ही गोष्ट दरवेळी डोळ्यासमोर ठेवा.

सातवी पायरी: स्वतःच्या डोळ्यांनी बघा

वाचलेलं आता विदेवर तपासा. सार्वजनिक संग्रहांत एसएफ३बी१ बदललेल्या आणि न बदललेल्या पेशींची आरएनए वाचनं, म्हणजे आरएनएच्या छोट्या तुकड्यांचे वाचलेले अक्षरक्रम, आहेत. पँक ०५.०४ या स्वादुपिंडाच्या कर्कपेशींत के७००ई आहे, मेल२०२ या डोळ्याच्या मेलॅनोमाच्या पेशींत ६२५ ची जागा बदललेली आहे. वाचनं स्टार या साधनानं जीनोमवर बसवा. नवे जोड सापडावेत म्हणून दोन फेऱ्यांची पद्धत निवडा. नंतर आरमॅट्स हे स्प्लायसिंगमधले फरक मोजणारं साधन चालवा आणि निकालांतली फक्त ‘पर्यायी ३ प्राइम टोक’ (इंट्रॉन वेगळ्या एजीवर संपणं) या प्रकाराची यादी उघडा. पहिल्याच दिवशी बाकीच्या चार याद्यांत शिरलात तर वाट चुकाल.

यादीतली पहिली दहा नावं आयजीव्ही या वाचनं जीनोमवर दाखवणाऱ्या साधनात एकेक करून उघडा आणि साशिमी आलेख काढा. त्यात कमानी दिसतात आणि प्रत्येक कमानीवर तो जोड किती वाचनांत सापडला ते लिहिलेलं असतं. समजा नेहमीच्या जोडावर ९० आणि अलीकडच्या जोडावर ३० वाचनं आहेत, तर पर्यायी जोडाचं प्रमाण १२० पैकी ३०, म्हणजे २५ टक्के. एकूण वाचनं पाच-सहाच असतील तर टक्केवारी काढूच नका, त्या आकड्याला अर्थ नसतो. २५ टक्के दिसले म्हणून चूक तेवढीच झाली असंही नाही. चुकलेले संदेश नष्ट होत असतात, उरलेले तेवढे दिसतात. सायक्लोहेक्झिमाइड हे प्रथिननिर्मिती थांबवणारं रसायन देऊन ही सफाई काही तास थांबवली तर लपलेले संदेश वर येतात.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर आरटी-पीसीआर करा, म्हणजे आरएनएवरून डीएनए तयार करून हवा तो तुकडा वाढवा. दोन्ही बाजूंच्या एक्सॉनवर प्रायमर (जिथून प्रत सुरू होते ते छोटे डीएनए तुकडे) बसवा. मात्र फरक १५-२० अक्षरांचा असतो आणि साध्या अगरोज जेलवर दोन पट्टे एकमेकांत मिसळून एकच दिसतो. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल वापरा, किंवा फक्त चुकीच्या जोडावरच बसेल असा प्रायमर तयार करा.

आठवी पायरी: औषधांकडून मिळालेली साक्ष

स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळालेला प्लाडिएनोलाइड बी हा पदार्थ एसएफ३बी१ आणि पीएचएफ५ए यांच्यामधल्या, ‘ए’साठी असलेल्या त्याच खोबणीत बसतो. चिमटा मिटत नाही आणि स्प्लायसिंग थांबतं. १०७४ क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललेल्या पेशी या पदार्थाला दाद देत नाहीत. त्यावरून औषध नेमकं कुठे बसतं याची खात्री झाली. याच कुळातल्या ई७१०७ ची माणसांवरची चाचणी काही रुग्णांच्या दृष्टीवर परिणाम झाल्यानं थांबवावी लागली. पाचव्या पायरीवर आपण बघितलं की हे जनुक सगळ्याच पेशींना लागतं, त्यामुळे ते सरसकट अडवणं धोक्याचं असणार हे तिथेच कळायला हवं. २०२० पासून अमेरिकेत लोहाची कडी असलेल्या रुग्णांसाठी लसपॅटरसेप्ट हे औषध वापरलं जातं. ते एसएफ३बी१ला हातही लावत नाही, लाल पेशींच्या पक्वतेला अडवणारे संकेत ते कमी करतं.

घरच्या कोणाचा अहवाल हातात घेऊन हे वाचणारेही असतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मज्जेच्या विकारात सापडणारा हा बदल जन्मतः नसतो. तो पुढे कधीतरी रक्ताच्या एखाद्या मूलपेशीत घडतो आणि मुलाबाळांकडे जात नाही. दुसरं म्हणजे लोहाची कडी दिसली की एसएफ३बी१च असं नाही. दारू, तांब्याची कमतरता आणि क्षयरोगासाठी दिलं जाणारं आयसोनियाझिड यांमुळेही ती दिसू शकतात. आयसोनियाझिडमुळे बी६ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि आपल्याकडे क्षयाचे उपचार घेणारे पुष्कळ आहेत. म्हणून रुग्ण कोणती औषधं घेतो हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. उपचाराचा निर्णय रक्तविकारतज्ज्ञांकडेच ठेवा.

नववी पायरी: आता लिहा

वहीतली ती एक ओळ खोडून तिथे आपल्या शब्दांत पाच-सहा वाक्यं लिहा. माझ्या वहीत असं आहे: एसएफ३बी१ हे यू२ कणातल्या एसएफ३बी गटाचं सर्वांत मोठं प्रथिन. पीएचएफ५एसोबत ते शाखाबिंदूचा ‘ए’ खोबणीत धरतं आणि पहिल्या कापणीआधी सोडतं. ते पूर्ण गेलं तर पेशी मरते. ६२२ ते ७०० या पट्ट्यातले ठरावीक बदल त्याला मारत नाहीत, शाखाबिंदूची निवड बिघडवतात आणि अलीकडच्या एजीवर कापणी होते. हे बदल एसयूजीपी१ सुटल्यामुळे परिणाम करतात. उंदरात सगळी लक्षणं उमटत नाहीत, कारण इंट्रॉन वेगळे आहेत.

हे जमलं की पुढचं जनुक पीआरपीएफ३१ घ्या. तेही स्प्लायसिंगचंच, तेही प्रत्येक पेशीत असणारं. पण त्याची एक प्रत मोडली की बिघडते ती डोळ्याची रेटिना, आणि एकाच कुटुंबात तोच बदल असलेल्या काहींची दृष्टी शेवटपर्यंत चांगली राहते. त्याचा बदलनकाशा उघडा आणि बदल पसरलेले आहेत की एका जागी गोळा झालेले, ते आधी बघा.